नाव झाकलं, खुणा उघड्या

पत्राचा सारांश:

सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या एका ताईंचं हे पत्र. पाच वर्षांपूर्वी नवरा गेला. घरी सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. ताई रोज एसटीनं शहरात नोकरीला जातात. गेली दोन वर्षं त्या फेसबुकवर टोपणनावानं एक पान चालवतात आणि नवरा गेलेल्या बाईच्या वाट्याला काय येतं ते लिहितात. हळदीकुंकवाचं न येणारं बोलावणं, लग्नात मागच्या रांगेकडे वळवणारे डोळे, बांगड्या दाखवता दाखवता हात आखडता घेणारा कासार. अलीकडे, पुन्हा कुणाची तरी सोबत हवीशी वाटते, असंही त्यांनी लिहिलं. वाचक बरेच आहेत. गेल्या महिन्यात नात्यातल्या एका साखरपुड्यात त्यांच्या जाऊबाईंनी त्यातली एक पोस्ट मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाल्या, “ही बाई आपल्याच भागातली दिसतीया बघा.” म्हणताना त्यांची नजर ताईंवर थांबली, असं ताईंना वाटलं. तेव्हापासून धड झोप नाही. ताई विचारतात: सगळं पुसून टाकू का? ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, व्हीपीएन घ्या, मग कुणालाच कळणार नाही. ते खरं का? आणि नाव लपवून लिहिणं हा भित्रेपणा आहे का?

उत्तर:

प्रिय ताई,

वरचा सारांश वाचून तुम्ही थोड्या गोंधळाल, कारण त्यातलं सगळंच तुमचं नाही. मी चार गोष्टी बदलल्या आहेत आणि दोन गाळल्या आहेत. जिथे ती पोस्ट वाचली गेली तो साखरपुडा नव्हता आणि वाचणाऱ्या तुमच्या जाऊबाई नव्हत्या. एवढं उघड सांगते, नाहीतर जिल्ह्यातल्या कुणा भलत्याच जाऊबाईंवर संशय जायचा. बाकीचे बदल तुमच्या-माझ्यात राहू देत. पुढे मी त्यांना जाऊबाईच म्हणणार आहे. तुमच्या पानाचं नाव मी दिलेलं नाही आणि त्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेतलेलं नाही. सात-आठ शब्द सलग जुळले तर गूगल शोधणाऱ्याला थेट त्या दारात नेऊन उभं करू शकतं. हे जे मी तुमच्या पत्राशी केलं, तेच तुम्हाला तुमच्या लेखनाशी करायचं आहे.

पण आधी त्या रात्रीबद्दल. तुम्ही लिहिलंय की नजर तुमच्यावर थांबली. ती थांबली असेलच. पण त्या खोलीत नवरा गेलेल्या तुम्ही एकट्या होतात. असा विषय निघाला की सगळ्यांचे डोळे त्या एका बाईकडे वळतात, मग तिनं आयुष्यात एक ओळ लिहिलेली नसली तरी. ही गोष्ट तुम्हीच तुमच्या पानावर कितीदा मांडली आहे. जाऊबाईंना तुमचा संशय आला असेल, हे शक्य आहे. त्यांना ती पोस्ट मनापासून पटली आणि चार बायकांना ऐकवावीशी वाटली, हेही तितकंच शक्य आहे. नावडती गोष्ट सहसा कुणी मोठ्यानं पूर्ण वाचून दाखवत नाही. मी त्यांना ओळखत नाही, तुम्ही ओळखता. पण एका नजरेवरून निकाल लावू नका.

म्हणून आज काही पुसू नका. साखरपुड्यात पोस्ट वाचली गेली आणि त्याच आठवड्यात पान गायब झालं, तर ज्याला संशय नव्हता त्यालाही येईल. शिवाय जे एकदा वाचलं गेलं ते कुणाच्या तरी मोबाईलमध्ये चित्र होऊन बसलेलं असतं, व्हॉट्सॲपच्या चार गटांतून फिरलेलं असतं. मूळ पोस्ट पुसली म्हणून ते परत येत नाही. पान नेहमीच्या चालीनं चालू द्या. फेसबुकच्या पानावर पोस्ट आधी लिहून तिला दिवस आणि वेळ लावून ठेवता येते. तुम्ही चार लोकांत बसलेल्या असताना, हातात मोबाईल नसताना पान बोलू लागलं, तर संशय आपोआप सैल होतो. यात कुणाला फसवणं आहे असं मला वाटत नाही. घराला दार असतं तसं हे आहे.

आता व्हीपीएन. तुमच्या सहकाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण सल्ला या दुखण्याचा नाही. व्हीपीएन म्हणजे तुमच्या मोबाईलपासून दुसऱ्या एका कंपनीच्या संगणकापर्यंत काढलेला झाकलेला पाट. तुम्ही कुठल्या संकेतस्थळांवर जाता ते तुमच्या मोबाईल कंपनीला दिसत नाही, आणि त्या संकेतस्थळाला तुमचा खरा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक, दिसत नाही. पण पाटाच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही फेसबुकमध्ये स्वतःच्याच खात्यानं शिरता. मग फेसबुकला तुम्ही कोण हे कळतंच. फुकटातल्या व्हीपीएनमध्ये तर पाट ज्याच्या शेतातून जातो त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. आणि एप्रिल २०२२ च्या सरकारी निर्देशांनुसार भारतातल्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची आहे. हे सगळं बाजूला ठेवलं तरी मुद्दा एकच उरतो: जाऊबाईंकडे तुमचा आयपी पत्ता नाही. तो त्यांना लागतही नाही. त्यांच्याकडे वीस वर्षांची ओळख आहे.

त्यामुळे मी तुम्हाला विचारते, आणि हा प्रश्न टोपणनावानं लिहिणाऱ्या प्रत्येकीनं, प्रत्येकानं कागदावर लिहून काढावा: मला नेमकं कुणापासून लपायचंय? पोलिसांपासून? तसं असेल तर सांगते, कायद्यानं मागितलं तर कंपन्या खात्याची माहिती देतात. टोपणनाव त्यांच्यापुढे टिकत नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. परक्या, चोरट्या माणसांपासून? त्याचे उपाय वेगळे. तुम्हाला लपायचंय ते भावकीपासून, ऑफिसपासून, मुलीच्या शाळेतल्या पालकांपासून. ही माणसं संगणक फोडत नाहीत. ती वाचतात आणि म्हणतात, अगं, हे तर आपल्या अमकीचं.

कसं, ते एकदा जवळून बघू. तुमचा तपशील घेणार नाही, मनातली एक बाई घेते. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात २८ लाखांवर माणसं होती. ही बाई एक दिवस लिहिते, “दिवसभर बेदाणा निवडून आले, बोटांना अजून गंधकाचा वास आहे.” किती छान ओळ आहे. पण तेवढ्यानं तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग एवढाच पट्टा उरला. महिन्याभरानं ती लिहिते, मुलीला दहावीच्या पेपरला सोडून आले, केंद्र शेजारच्या गावात. म्हणजे जिथे केंद्र नाही अशी लहान गावं उरली. मग एका रात्री: हे गेले ते ऊसतोडीच्या दिवसांत, ट्रॉली उलटून. आता एका गावात असं एखादंच घर असतं. शेवटी पावसानंतरचा एक फोटो, अंगणातली पिवळी टाकी आणि तिच्यामागे देवळाचं अर्धं शिखर. पुढं शोधायला काही उरलंच नाही. चारही गोष्टी सुट्या सुट्या निरुपद्रवी होत्या. दोन वर्षांत त्या एकावर एक चाळण्यांसारख्या बसल्या आणि खाली एकच दाणा राहिला. टोपणनाव यात कुठेही आड आलं नाही.

हे फक्त खेड्यात होतं असं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं संशोधकांना उपयोग व्हावा म्हणून साडेसहा लाखांच्या आसपास ग्राहकांनी तीन महिन्यांत केलेले सुमारे २ कोटी शोध खुले केले. नावं काढून टाकली होती, त्यांच्या जागी नुसते आकडे होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी ४४१७७४९ हा आकडा घेतला आणि त्या व्यक्तीनं काय काय शोधलं ते वाचत गेले. बधिर होणारी बोटं, साठीतले एकटे पुरुष, एका ठरावीक गावातले बागकामवाले, एका ठरावीक आडनावाची माणसं. ते जॉर्जिया राज्यातल्या ६२ वर्षांच्या एका बाईंच्या दारात जाऊन पोचले. त्यांचाही नवरा वारलेला होता. कंपनीनं ती माहिती लगेच मागे घेतली, पण तोवर तिच्या प्रती सगळीकडे गेल्या होत्या. त्या बाईंनी आपल्याबद्दल एक वाक्यही कुठे लिहिलं नव्हतं. नुसतं काय हवंय ते शोधलं होतं.

मी स्वतः ही चूक केली आहे. २०१९ च्या महापुरानंतर एका ताईंचं पत्र याच सदरात घेतलं होतं. नाव बदललं, गाव गाळलं आणि निश्चिंत झाले. पत्रात एक ओळ होती: गाळात बसलेलं शिवणयंत्र त्यांनी जुन्या दात घासायच्या ब्रशनं तीन दिवस बसून साफ केलं, आणि त्या तीन दिवसांत घरातलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही. (वस्तू शिवणयंत्र नव्हती, आज बदलून सांगते.) अंक निघाला त्या आठवड्यात त्यांच्या नणंदेनं ती ओळ वाचली. ते तीन दिवस तिनंही पाहिले होते. पुढे काय झालं ते लिहीत नाही. त्या ताईंचा मला फोन आला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ताई, ती ओळ ठेवायलाच पाहिजे होती का?” मला उत्तर देता आलं नाही. ती ओळ सुंदर होती म्हणून मी ठेवली होती.

तेव्हापासून मला कळलंय की लिहिताना आपल्याला जी गोष्ट सगळ्यात प्रिय वाटते, तीच बहुतेक वेळा आपली खूण असते. ती दुसऱ्या कुणाच्या घरात घडलेली नसते, म्हणून तर ती प्रिय वाटते. तुमच्या पोस्टमध्येही एक शब्द आहे, तुमच्या सासूबाईंचा, घरगुती. तो मी इथे लिहीत नाही. तुम्ही तो पाच ठिकाणी वापरलाय. माझा अंदाज आहे की जाऊबाई नजरेपर्यंत पोचल्या असतील तर त्या शब्दावरून. प्रत्येक घराची अशी एक बोली असते, ती बाहेरच्याला गोड लागते आणि घरच्याला लगेच ओळखू येते.

मग काय, सगळं सपक लिहायचं? नाही. बदलायचं ते असं, की दुखणं बदलणार नाही. कासारानं हात आखडता घेतला, हे दुखणं आहे. तो कासार कुठल्या आठवडी बाजारातला, वार कोणता, तुम्ही कुठल्या लग्नासाठी बांगड्या घ्यायला गेला होतात, यानं दुखण्यात काही भर पडत नाही. लग्नाचं बारसं करा, नोव्हेंबरचा मार्च करा. जे घडलं ते त्याच दिवशी लिहू नका; सहा-सात आठवडे जाऊ द्या, म्हणजे प्रसंगाला हजर असलेल्यांच्या मनात तो ताजा राहत नाही. हा एक उपाय बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी आहे असं माझं मत आहे, कारण लोक तारखा जुळवून ओळखतात. एक काळजी मात्र घ्या. जावेनं टोमणा मारला आणि तुम्ही तो नणंदेच्या तोंडी घातला, तर उद्या ओळख पटली की विनाकारण नणंद आरोपी ठरेल. त्यापेक्षा “घरातलं कुणीतरी” म्हणा. आणि एकदा केलेला बदल कायम ठेवा. आज एक मुलगी, पुढच्या महिन्यात दोन मुलगे, असं झालं की वाचकाचा विश्वास उडतो.

हे खोटं बोलणं आहे का, असं तुम्ही विचाराल. बातमी लिहिणाऱ्यानं केलं तर नक्कीच. तुम्ही बातमी देत नाही. पानाच्या सुरुवातीला एक ओळ टाका, की इथल्या अनुभवांतले तपशील माणसं जपण्यासाठी बदललेले आहेत. तेवढ्यानं वाचकाशी व्यवहार स्वच्छ राहतो. जाता जाता त्याचा फायदाही आहे: कुणी एखादी खूण जुळवायला बसला, तर ती खरी की बदललेली हे त्याला ठरवता येत नाही.

मोबाईलच्या बाजूनं थोडं बोलावं लागेल, कारण बहुतेक जणी लेखनामुळे नाही, मोबाईलमुळे उघड्या पडतात. तुम्ही आधी बघायची गोष्ट म्हणजे पडद्यावर येणाऱ्या सूचना. मोबाईल ओट्यावर पडलेला असतो, मुलगी किंवा पुतण्या गेम खेळायला घेतात आणि वर पट्टी येते, अमुक पानावर तिघांनी प्रतिक्रिया दिली. त्या सूचना आजच बंद करा. ऑफिसच्या संगणकावर कधी ते खातं उघडलं असेल तर तिथला जपून ठेवलेला पासवर्ड काढा आणि फेसबुकच्या सेटिंगमध्ये जाऊन बाकी सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा. पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी) लावा.

पान तुमच्या खऱ्या खात्याखाली आहे की खोट्या नावाच्या वेगळ्या खात्याखाली, हे तुम्ही लिहिलं नाहीत. फेसबुकचा नियम आहे की खातं रोजच्या वापरातल्या नावानंच हवं. वेगळं बनावट खातं असेल तर कधीतरी ते बंद होऊ शकतं, ओळखपत्र मागितलं जातं, आणि दोन वर्षांचं लेखन त्याच्यासोबत जातं. त्यामुळे लेखनाची प्रत तुमच्याजवळ हवीच. खऱ्या खात्याखालचं पान त्या मानानं बरं, कारण पान कोण चालवतं ते वाचकांना दाखवलं जात नाही. पण तिथे एक निसरडी जागा आहे. प्रतिक्रियेला उत्तर देताना आपण पान म्हणून लिहितोय की स्वतः म्हणून, हे दर वेळी पाठवण्याआधी बघा. घाईत स्वतःच्या नावानं “धन्यवाद, मीच लिहिलंय” असं गेलं की झालं. सुरुवातीला तुम्ही स्वतःच स्वतःचं पान पसंत केलं असेल, ते काढा. मोबाईलमधले संपर्क फेसबुकला आणि इन्स्टाग्रामला अपलोड करण्याची परवानगी बंद करा. तुम्ही ओळखत असाल अशी माणसं सुचवताना ही यादीही वापरली जाते. फेसबुकच्या गटात निनावी पोस्ट टाकायची सोय असते तिच्यावर फार विसंबू नका, गट चालवणाऱ्याला नाव दिसू शकतं.

फोटोबद्दल दोन गोष्टी. मोबाईलनं काढलेल्या मूळ फोटोच्या आत काढल्याची वेळ, मोबाईलचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर नेमकी जागा लिहिलेली असते. फेसबुक, व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं फोटो टाकला की हे बहुतेक निघून जातं, पण व्हॉट्सॲपवर तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलला जोडून पाठवला तर ते तसंच जातं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा. दुसरी गोष्ट यंत्राची नाही. तुमच्या पानावर खिडकीतून काढलेला एक फोटो आहे, समोर नदीकडे उतरणारी वाट दिसते. मी त्या गावची नाही, तरी मला नदी कुठल्या बाजूला आहे ते कळलं. तो फोटो पानावरून काढून टाका. एवढा एक काढल्यानं कुणाच्या लक्षात येणार नाही.

वाचक जवळ येतात तेव्हाही सांभाळावं लागतं. कुणी पुस्तक पाठवायला पत्ता मागेल, कुणी मदत म्हणून पैसे. यूपीआयवर पैसे घेताना समोरच्याला बँकेतलं नाव दिसतं. नंबर दिला तर ट्रूकॉलरसारख्या ॲपमध्ये लोकांनी तुम्हाला ज्या नावानं जपून ठेवलंय ते नाव येतं, कधी कधी गावासकट. पानासाठी वेगळा ईमेल काढा आणि संवाद तिथेच ठेवा.

आणि तुमच्या सहकाऱ्याला हे पान तुमचं आहे हे माहीत आहे, नाही का? पत्रात तुम्ही ते सहज लिहून गेलात. तो चांगला माणूस असेल. पण गुपित आता दोघांचं आहे, आणि त्याच्या घरी बायको असेल, मित्र असतील. भांडू नका, शपथा घालू नका. एकदा शांतपणे सांगा, की हे माझ्या मुलीच्या आणि घराच्या दृष्टीनं नाजूक आहे. ज्याला धोका काय आहे ते नीट कळतं, तो जास्त सांभाळतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. भित्रेपणा. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात आपल्याच समाजावर कोरडे ओढले ते ‘लोकहितवादी’ या नावानं. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक आलं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड मराठीत कुणी लिहिलं नव्हतं. मोठं वादळ उठलं आणि ही विभावरी शिरूरकर कोण, याचा शोध सुरू झाला. त्या मालतीबाई बेडेकर होत्या. त्यांनी स्वतःचं नाव घालून लिहिलं असतं तर ते पुस्तक आलं असतं का, आणि त्यानंतर त्यांना सुखानं काम करता आलं असतं का, याचा विचार करा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. तुम्ही जे लिहिता ते लाजिरवाणं म्हणावं तर शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीच्या ठरावानं हेच सांगितलं: बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. पाठोपाठ राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सुचवलं. गावानं ठराव करून म्हटलं ते धैर्य आणि तुम्ही टोपणनावानं म्हटलं तो भित्रेपणा, असं मला वाटत नाही. गावाला गाव सोबत होतं. तुमच्यासोबत कोण आहे?

तरी भित्रेपणाचा प्रश्न एका जागी मला पुरता टाकून देता येत नाही, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुमच्या तीन पोस्ट सासूबाईंवर आहेत. त्यातली एक त्यांच्या आजारपणाची, अंगावरच्या कपड्यांची. तुम्ही पडद्यामागे आहात, त्या नाहीत. ज्या दिवशी तुमची ओळख पटेल त्या दिवशी त्यांचीही पटेल, आणि त्यांना उत्तर द्यायला पान नाही. सासरे जाऊन किती वर्षं झाली ते तुम्ही ओझरतं लिहिलंय. म्हणजे त्या बाईनंही ही सगळी बंधनं तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त काळ अंगावर वागवली आहेत. त्या तीन पोस्ट एकदम नाही, पण येत्या दोन-तीन महिन्यांत एकेक करून काढा. माझी विनंती आहे. कायद्याच्या बाजूनंही ध्यानात ठेवा, की ओळखू येईल अशा माणसाची बदनामी झाली तर टोपणनाव ढाल होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लिहिणाऱ्याला लागू होतं, मग नाव काहीही असो.

मुलीला मात्र सांगा. तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे. लेकरावर गुपिताचं ओझं टाकायला नको, असं तुमच्या मनात येईल, ते बरोबर आहे. म्हणून तिला खोटं बोलायला सांगू नका. “कुणी विचारलं तर आईला विचारा म्हण,” एवढंच तिच्याकडे द्या. तुम्ही सोबतीबद्दल जे लिहिलंय तेही तिला तुमच्या तोंडून ऐकू दे. ते सोपं जाणार नाही. एक संध्याकाळ पुरणार नाही.

कधीतरी स्वतःच्या नावानं लिहावंसं वाटलं तर तोही रस्ता उघडा आहे, पण आधी पाय रोवा. नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीवर तुमची आणि मुलीची वारसनोंद झाली आहे का, ते तलाठ्याकडून सातबारा काढून डोळ्यांनी बघा. हिंदू वारसा कायद्यानं बायको ही पहिल्या वर्गातली, म्हणजे सगळ्यांत आधी हक्क असलेली, वारस आहे, आणि पुन्हा लग्न केलं म्हणून एकदा मिळालेला हक्क जात नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. नाव उघड झाल्यावर घरात जो राग निघतो तो पुष्कळदा जमिनीवर निघतो, म्हणून हे आधी.

जाऊबाई उद्या समोरासमोर विचारतील, “तूच लिहितीस का गं?” त्यासाठी वाक्य तयार ठेवा. नाही-नाही करत लांबलचक खोटं रचू नका, ते सांभाळता येत नाही. “जी कोण लिहिती ती बरोबर लिहिती. मलाबी तसंच वाटतं.” यात एक अक्षर खोटं नाही. आणि त्यानंतर गप्प बसा, त्या काय म्हणतात ते ऐका.

कुणी धमकावलं, फोटो पसरवायची भीती घातली किंवा पिच्छा पुरवला तर पुसण्याआधी पडद्याचं चित्र काढून ठेवा, तारीख आणि खात्याचा दुवा दिसेल असं. मग जवळचं पोलीस ठाणं किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. तिथे महिलांवरच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. बाईचा इंटरनेटवर पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, मग करणारा नात्यातला असला तरी.

येत्या सुट्टीच्या दिवशी जुन्या पोस्ट पहिल्यापासून उघडा, कागद-पेन घेऊन बसा, आणि जाऊबाईंच्या डोळ्यांनी वाचा. जिथे त्या थांबतील तिथे खूण करा. मी तुमच्या चाळीस पोस्टवर हे केलं, पाऊण तासात तालुक्यापर्यंत आले. खिडकीचा फोटो त्याच दिवशी काढून टाका.

तुमचं पत्र मी उत्तर लिहून झाल्यावर फाडून टाकलं आहे, पाकिटासकट. पुन्हा लिहिलंत तर मला आनंद होईल. पण पाकीट गावच्या पेटीत टाकू नका, शहरात कामाला येता तेव्हा तिथल्या मोठ्या पोस्टात टाका, कारण शिक्क्यावर गावाचं नाव उमटतं. आणि या वेळी मागच्या बाजूला लिहिलात तसा पत्ता लिहू नका.